रवींद्रनाथांची चित्रं आणि कविता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रवींद्रनाथांच्या चित्रांवर बोलायला मी गावोगावी जातो. स्लाइड शो संपला की चिठ्ठ्या येतात, नंतर फोन येतात आणि तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. म्हणून एकदाचं लिहून ठेवलं. सोप्यापासून अवघडाकडे गेलो आहे. एका उत्तरात दुसऱ्याची गरज पडली तिथे कंसात प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. टागोर म्हणायचं की ठाकूर?

दोन्ही चालतं. घराण्याचं नाव ठाकूर. इंग्रजांच्या तोंडी त्याचं टागोर झालं आणि तेच जगभर गेलं. बंगालीत ते ‘रोबींद्रनाथ ठाकूर’ असं ऐकू येतं. मराठीत टागोर रुळलं आहे, ते खोडून काढायचा अट्टहास नको. मी आपला ‘रवींद्रनाथ’ म्हणतो, वादच नको.

२. मुळात ते चित्रकार होते? आम्हाला तर फक्त ‘जन गण मन’ आणि नोबेल माहीत.

होते, आणि हौसेपुरते नव्हेत. जन्म ७ मे १८६१, कोलकात्यातल्या जोडासाँकोच्या वाड्यात. निधन त्याच वाड्यात, ७ ऑगस्ट १९४१. आयुष्याच्या शेवटच्या बारा-तेरा वर्षांत त्यांनी दोन हजारांहून जास्त चित्रं काढली. हिशेब करून पाहा. त्याच काळात कविता, कादंबऱ्या, नृत्यनाट्यं, शांतिनिकेतनातल्या आपल्या विश्वभारती विद्यापीठासाठी पैसे गोळा करत हिंडणं हे सगळं चालूच होतं. म्हणजे सरासरी दोन-तीन दिवसांना एक चित्र, वयाच्या सत्तरीत.

३. ‘स्वयंशिक्षित’ म्हणजे ते खरंच कुठेही शिकले नाहीत?

इथे जरा थांबायला हवं, कारण हा शब्द फार सैल वापरला जातो.

शाळा त्यांना मानवली नाही. ओरिएंटल सेमिनरी, नॉर्मल स्कूल, बंगाल अकॅडमी, सेंट झेवियर्स, एकामागून एक शाळा झाल्या आणि सुटल्या. १८७८ मध्ये इंग्लंडला पाठवलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात काही काळ बसले आणि १८८० मध्ये पदवीशिवाय परत आले. पण घरी? पहाटे पैलवानाबरोबर कुस्ती, मग गणित, भूगोल, संस्कृत. संध्याकाळी शाळेतून आल्यावर व्यायामाचे मास्तर आणि त्यांच्यामागून चित्रकलेचे मास्तर. त्यांनी स्वतःच बालपणीच्या आठवणींत हे सांगितलं आहे. तेव्हा ‘हातात कधी पेन्सिलच धरली नव्हती’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

भोवती तर चित्रकारांचा बाजारच. थोरले भाऊ ज्योतिरिंद्रनाथ समोर बसलेल्या माणसाचं पेन्सिलीनं चित्र काढत. पुतणे गगनेंद्रनाथ आणि अवनींद्रनाथ नामवंत चित्रकार. १९१९ मध्ये शांतिनिकेतनात सुरू झालेल्या कलाभवनाची धुरा चित्रकार नंदलाल बोस यांच्याकडे. रवींद्रनाथांनी कलाशाळेत पाऊल ठेवलं नाही, उलट कलाशाळा काढली. हाताला रीतसर शिक्षण नव्हतं, डोळ्याला भरपूर होतं. माझ्या मते स्वयंशिक्षित या शब्दाचा त्यांच्यापुरता अर्थ एवढाच.

४. साठीनंतर एकदम चित्रं सुचली, हे खरं?

‘एकदम’ खरं नाही. १९०० मध्ये जगदीशचंद्र बोस यांना लिहिलेल्या पत्रात ते सांगतात, की आपण वही घेऊन चित्रं काढतो आहोत, ती काही पॅरिसच्या प्रदर्शनासाठी नाहीत, पण आईची माया कुरूप पोरावर जास्त असते तसं आपलं झालं आहे. पुढे अशी कबुलीही, की पेन्सिलीपेक्षा खोडरबरच जास्त चालतं. तेव्हा वय एकोणचाळीस. नंतर त्यांनी तो नाद सोडला. पॅरिसची थट्टा मात्र तीस वर्षांनी खरी ठरली (प्रश्न ११).

चित्रांचा खरा ओघ सुरू झाला तो १९२८च्या सुमारास, वयाच्या सदुसष्टीत. मधली पायरी म्हणजे हस्तलिखितातली खाडाखोड. ती पुढच्या प्रश्नात.

५. खाडाखोडीतून चित्रं निघाली म्हणतात. म्हणजे नेमकं काय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझाही सगळ्यात आवडता.

कविता लिहिताना शब्द बदलतो. आपण काय करतो? एक आडवी रेघ मारतो आणि पुढे जातो. रवींद्रनाथांना ती उघडी रेघ खुपायची. खोडलेला शब्द पानावर बेवारशासारखा पडून राहतो असं त्यांना वाटे. मग ते खोडलेली जागा शाईनं भरून टाकत, तिला काठ देत. तीन ओळी खाली दुसरं खोडकाम असे. दोन्हींना एक वळणदार रेघ जोडून घेत. जोडता जोडता तिथे मान दिसायला लागे, मग चोच, मग पंजा. पान संपेपर्यंत कवितेच्या ओळींमधून एखादा न पाहिलेला प्राणी वाकून बाहेर बघत असे.

एका पानाची छापील प्रतिकृती मी भिंग लावून पाहिली आहे. वरच्या डाव्या कोपऱ्यात दोन ओळी पूर्ण काळ्या. त्या काळ्या पट्ट्यातून एक शेपूट निघतं, समासातून खाली येतं, उजवीकडे वळतं आणि शेवटच्या कडव्यातल्या एका खोडलेल्या शब्दाला जाऊन चिकटतं. न खोडलेला एकही शब्द त्या रेषेनं झाकलेला नाही. ती ओळींच्या मधल्या मोकळ्या बोळांतून अचूक वाट काढत जाते. कविता शाबूत, चित्रही शाबूत.

मराठी माणसाला यात एक गंमत पटकन कळेल. बंगाली लिपीलाही आपल्यासारखी शिरोरेघ असते. अक्षरं एका दांडीला टांगलेली. त्यामुळे शब्द खोडला की आपोआप एक भरीव पट्टा तयार होतो, खाली वेलांट्या-उकारांची टोकं लोंबत राहतात. रोमन लिपीत हे इतकं सहज झालं नसतं, असं मला वाटतं.

अशी पानं १९०५च्या आसपासच्या हस्तलिखितातही सापडतात आणि १९२३च्या ‘रक्तकरबी’ नाटकाच्या मसुद्यातही. पण सगळ्यात बहरली ती ‘पूरबी’ या कवितासंग्रहाच्या वहीत. १९२४ मध्ये पेरूला निघालेले रवींद्रनाथ वाटेत आजारी पडले आणि अर्जेंटिनात अडकले. ब्वेनोस आयरेसजवळच्या सान इसिद्रोत नदीकाठच्या एका घरात व्हिक्टोरिया ओकाम्पो या लेखिकेनं त्यांची सोय केली. तिनं ती वही पाहिली आणि ही खाडाखोड म्हणजे काहीतरी आहे हे ओळखलं. ‘पूरबी’ १९२५ मध्ये आलं ते तिलाच अर्पण करून. अर्पणपत्रिकेत नाव मात्र ‘विजया’, हे व्हिक्टोरियाचं त्यांनी केलेलं रूप.

६. कशानं काढायचे? तैलरंग?

तैलरंग जवळपास नाहीत. वाळायची वाट बघणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मुख्य माध्यम शाई: लिहायची शाई आणि बाटलीतली पेलिकन कंपनीची रंगीत शाई. जोडीला जलरंग, क्वचित खडू. कुंचला असला तर असला. नाहीतर फाउंटन पेनचं निब, पेनची मागची बाजू, बोट, फडक्याचा बोळा. फुलांच्या पाकळ्या चुरगाळून रंग काढल्याचंही सांगतात. कागद हाताला येईल तो. बहुतेक चित्रं एका बैठकीत पूर्ण.

याचा तोटा आज भोगावा लागतो. त्या शाया उजेडात टिकत नाहीत. म्हणून मूळ चित्रं कायम भिंतीवर लावून ठेवता येत नाहीत (प्रश्न १७).

७. चित्रांखाली नावं का नसतात? इंटरनेटवर तर असतात.

इंटरनेटवरची बहुतेक नावं दुसऱ्यांनी दिलेली. रवींद्रनाथांनी जवळजवळ कुठल्याच चित्राला नाव दिलं नाही. लोक अर्थ विचारत. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की माझी चित्रं गप्प आहेत तसाच मीही गप्प. व्यक्त होणं हे त्यांचं काम, समजावून सांगणं नव्हे. कवितेत शब्दाला अर्थ चिकटलेलाच असतो. इथे तरी त्या जबाबदारीतून सुटलो, असा त्यांचा सूर होता.

एका दुकानातून मी हौसेनं एक फ्रेम केलेली प्रतिकृती आणली. खाली सोनेरी अक्षरांत ‘विरहिणी’. घरी येऊन चित्रसंग्रहाशी ताडून पाहिलं, तर मूळ चित्रात त्या बाईच्या चेहऱ्यावर विरह नाही, चक्क राग आहे. नावावर कागद चिकटवला तेव्हा कुठे ते चित्र मला नीट दिसायला लागलं.

८. ती लांबट चेहऱ्याची, मोठ्या डोळ्यांची बाई कोण? कादंबरीदेवी?

हा प्रश्न आला की सभागृहात कुजबुज सुरू होते. कादंबरीदेवी म्हणजे ज्योतिरिंद्रनाथांची पत्नी, रवींद्रनाथांची वहिनी. वयानं जवळपास बरोबरीची, त्यांच्या सुरुवातीच्या कवितांची पहिली वाचक. एप्रिल १८८४ मध्ये तिनं आत्महत्या केली. त्या मृत्यूचा घाव आयुष्यभर राहिला, हे त्यांच्या लेखनात दिसतं.

चित्रांतल्या डोळ्यांत तिचे डोळे पाहणारे अभ्यासक आहेत, ओकाम्पोला पाहणारेही आहेत. मला दोन्ही थोडं ओढून ताणून वाटतं. या बायका शेकड्यांनी आहेत. कुणी पदर घेतलेली, कुणी मुखवट्यासारखी, कुणी नुसती सावली. एकाच बाईत सगळ्यांना कोंबायचं कशाला? आणि नावच ज्यांनी दिलं नाही (प्रश्न ७), त्यांच्या वतीनं आपण आधार कार्ड काढून देणं बरं नव्हे.

९. ते रंगांध होते का?

पूर्ण रंगांध नव्हते. लाल रंग त्यांना नीट जाणवत नसे, लाल-हिरव्यात घोटाळा होई, असं अभ्यासकांनी मांडलं आहे आणि त्यांच्या चित्रांचा त्या अंगानं अभ्यासही झाला आहे. चित्रांतले तपकिरी, पिवळे, काळे आणि मधूनच भडकणारे अनपेक्षित रंग पाहिले की ते पटतं. पण सगळं खापर डोळ्यांवर फोडू नये. संध्याकाळच्या निसर्गचित्रांत काळ्या झाडांमागे तो जो पिवळा उजेड असतो, तो डोळ्यातल्या दोषानं येत नाही.

१०. घरात अवनींद्रनाथ, शेजारी नंदलाल. मग यांची चित्रं तशी का नाहीत?

कारण त्यांना तसं काढता येत नव्हतं, आणि काढायचंही नव्हतं. अवनींद्रनाथांची बंगाल शैली म्हणजे मुघल लघुचित्रं, अजिंठा, जपानी धुवट रंग. विषय बहुधा पुराणातले किंवा इतिहासातले. रवींद्रनाथांच्या चित्रांत देव नाहीत, पुराण नाही. विचित्र जनावरं, मुखवटे, चेहरे, नाटकात उभी असावीत तशी माणसं, तिन्हीसांजेची झाडं.

पाहिलं होतं त्यांनी खूप: जपान, युरोपातली संग्रहालयं, आदिवासी मुखवटे आणि कोरीवकाम. १९२१ मध्ये ते जर्मनीत वायमारला गेले होते आणि १९२२च्या डिसेंबरात तिथल्या बाउहाउस या आधुनिक कलाशाळेच्या कलावंतांचं काम कोलकात्यात मांडलं गेलं. हे सगळं कुठेतरी मुरलं. पण चित्र सुरू होई ते लयीपासून. आपली चित्रं म्हणजे रेषांमध्ये केलेली पद्यरचना, असं त्यांनीच म्हटलं आहे. हात सरावलेला होता तो कवितेच्या वृत्ताला. रेष ओढतानाही तो मात्राच मोजत होता.

११. पहिलं प्रदर्शन पॅरिसमध्ये का? आपल्याकडे का नाही?

भीती, हे सरळ उत्तर. आपल्याकडच्या लोकांना त्यांच्या कवितेची मापं पाठ होती, चित्रांना ती लावली गेली असती. कविता देशवासीयांसाठी आणि चित्रं पश्चिमेला भेट, अशी वाटणीही त्यांनी बोलून दाखवली होती.

१९३० मध्ये चित्रांची पेटी घेऊन ते फ्रान्सला पोचले. पॅरिसमध्ये दालन ऐन वेळी मिळणं अशक्यच, असं सगळे म्हणत होते. त्यांनी ओकाम्पोला कळवलं. तिनं ओळखीपाळखी लावून थोडक्या दिवसांत गॅलरी पिगालमध्ये मे महिन्यात प्रदर्शन उभं केलं. कवयित्री आना द नोआय यांनी प्रस्तावना लिहिली. तिथून बर्मिंगहॅम, लंडन, बर्लिन, ड्रेस्डेन, म्युनिक, कोपनहेगन, जिनिव्हा, मॉस्को, मग अमेरिका. एका वर्षात एवढं. कोलकात्यात मोठ्या प्रमाणावर चित्रं मांडली गेली ती १९३१च्या डिसेंबरात, सत्तरीच्या सत्काराच्या निमित्तानं.

१२. नाझींनी त्यांची चित्रं काढून टाकली हे खरं?

खरं. १९३०च्या दौऱ्यात बर्लिनच्या राष्ट्रीय कलादालनाला पाच चित्रं भेट दिली होती. १९३७ मध्ये नाझींनी आधुनिक कलेला ‘अधःपतित’ ठरवून संग्रहालयं झाडून काढली, त्यात ही पाचही गेली. म्हणजे स्वतःला नवखा म्हणवणारा हा माणूस एकाच यादीत कान्डिन्स्की आणि क्ले या नामवंत आधुनिक चित्रकारांच्या पंगतीला बसला. त्याला असा मान मिळाल्याचं कुणी सांगत नाही.

१३. कविता आणि चित्र एकाच पुस्तकात कुठे मिळेल?

हस्तलिखितांखेरीज (प्रश्न ५) तीन पुस्तकं बघा. १९३७ ची ‘खापछाडा’ आणि ‘से’: पहिल्यात तिरपागड्या बालकविता, दुसऱ्यात नातीला सांगितलेल्या अचाट गोष्टी. दोन्हींत चित्रं त्यांचीच. १९४० मध्ये आलेल्या ‘चित्रलिपी’त चित्रं आहेत आणि सोबत दोन-चार ओळींच्या कविता. त्या ओळी चित्राचा अर्थ सांगत नाहीत, नुसत्या शेजारी बसतात. सुरुवात ‘खापछाडा’पासून करा. बंगाली येत नसलं तरी चित्रं हसवतात.

१४. नोबेल चित्रांसाठीही होतं का? आणि ‘गीतांजली’ म्हणजे बंगाली पुस्तकाचंच भाषांतर ना?

नोबेल १९१३ चं, साहित्याचं. चित्रांचा ओघ तेव्हा सुरूच झाला नव्हता. दुसरा प्रश्न मात्र चकवा आहे. बंगाली ‘गीतांजली’ १९१० ची, त्यात १५७ रचना. इंग्रजी १९१२ ची, त्यात १०३, आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपासच मूळ ‘गीतांजली’तल्या. बाकी ‘गीतिमाल्य’, ‘नैवेद्य’, ‘खेया’ वगैरे संग्रहांतून घेतलेल्या. शिवाय बंगालीत वृत्त, यमक, चाल. इंग्रजीत गद्य. मराठी अनुवाद विकत घेताना तो कशावरून केला आहे हे पान उलटून बघा. इंग्रजीवरून केलेला अनुवाद भाषांतराचं भाषांतर असतो.

पदकाचं विचारणारेही असतात. मूळ पदक मार्च २००४ मध्ये शांतिनिकेतनातून चोरीला गेलं. नंतर नोबेल प्रतिष्ठाननं प्रतिकृती दिल्या.

१५. महाराष्ट्राशी त्यांचा काय संबंध?

पुष्कळ. दुसरे भाऊ सत्येंद्रनाथ हे आय.सी.एस. होणारे पहिले भारतीय आणि त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात. १८७८ मध्ये इंग्लंडला जाण्याआधी सतरा वर्षांच्या रवींद्रनाथांना बोलणं-वागणं शिकायला मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी ठेवलं. हे प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी एक. त्यांची विलायतेहून आलेली मुलगी अन्नपूर्णा, म्हणजे अ‍ॅना, रवींद्रनाथांना इंग्रजी शिकवत असे. तिनं त्यांच्याकडून एक नाव मागितलं आणि त्यांनी ‘नलिनी’ दिलं. ते नाव पुढे कवितांतही आलं. म्हातारपणीही ते तिच्याविषयी फार मायेनं बोलत.

सत्येंद्रनाथांकडे कारवारला असताना समुद्रकाठी ‘प्रकृतिर प्रतिशोध’ हे नाटक लिहिलं. ‘राजा ओ रानी’ हे नाटक १८८९ मध्ये सोलापूरच्या मुक्कामातलं. तुकोबांचे काही अभंग त्यांनी बंगालीत आणले. १९०४ ची ‘शिवाजी उत्सव’ ही कविता आली ती सखाराम गणेश देउस्करांच्या पुस्तिकेसाठी. देउस्कर घराणं मूळचं मराठी, पण त्यांचं लेखन सारं बंगालीत. उलट्या दिशेनंही माणसं गेली: काका कालेलकर काही काळ शांतिनिकेतनात शिक्षक होते आणि पु. ल. देशपांडे पन्नाशीत बंगाली शिकायला तिथे जाऊन राहिले.

१६. त्यांची चित्रं किंवा कविता छापायला परवानगी लागते का? आणि जुनं चित्र विकत मिळालं तर?

मूळ लेखनावरचा विश्वभारतीचा हक्क २००१ अखेर संपला. कायद्यातली मुदत पन्नासची साठ वर्षं झाल्यानं तो दहा वर्षं जास्त टिकला होता. पण अनुवादाचा हक्क अनुवादकाचा असतो, तो वेगळा तपासा. संग्रहालयानं काढलेला फोटो वापरायचा तर त्यांना विचारा.

विकत घेण्याबद्दल: जरा दमानं. नकली चित्रांचा सुळसुळाट आहे. २०११ मध्ये कोलकात्यातल्या एका कला महाविद्यालयात त्यांची म्हणून मांडलेली चित्रं जाणकारांनी खोटी ठरवली. ‘काढायला सोपी’ वाटतात ना, म्हणून. अस्सल असलं तरी त्यांची चित्रं कायद्यानं राष्ट्रीय कलाठेवा आहेत. देशात विकता येतात, देशाबाहेर नेता येत नाहीत. आधीपासूनच बाहेर असलेल्यांना हे लागू नाही. लिओनर्ड एल्महर्स्ट अर्जेंटिनाच्या मुक्कामात रवींद्रनाथांचे सचिव होते. एल्महर्स्ट यांच्या इंग्लंडमधल्या डार्टिंग्टन हॉल संस्थेकडची बारा चित्रं २०१० मध्ये लंडनमध्ये लिलावात गेली, १६ लाख पौंडांना.

१७. प्रत्यक्ष कुठे पाहू?

सगळ्यात मोठा साठा शांतिनिकेतनात, रवींद्र भवनात. हावड्याहून बोलपूरला रेल्वेनं अडीच-तीन तास, पुढे टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा. बुधवारी जाऊ नका, विश्वभारतीची सुट्टी बुधवारी असते, रविवारी नाही. भिंतीवर मूळ चित्र आहे की प्रतिकृती ते तिथल्या माणसाला विचारून घ्या, बरेचदा प्रतिकृतीच असते (कारण प्रश्न ६ मध्ये). दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातही चित्रं आहेत. जोडासाँकोचा वाडा आता संग्रहालय आहे, तिथे सोमवारी कुलूप.

मूळ चित्र समोर आलंच तर आधी लांबून बघू नका. सही शोधा, बहुधा खालच्या कोपऱ्यात बंगालीत ‘रवींद्र’. तिथून रेषेचं टोक धरा आणि ती कुठे जाते ते बघत वर या.